शॉवरला दाब हवाय? पंपाआधी बादली आणि घड्याळ घ्या

बाथरूमला नव्या टाइल्स लागल्या. भिंतीत दडवलेला मिक्सर आला, डोक्यावर ताटाएवढा गोल ‘रेन शॉवर’ आला. हौसेने नळ फिरवला, तर वरून पडल्या झारीतून पडाव्यात तशा चार-सहा केविलवाण्या धारा. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरीदाबाद, कुठेही वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना विचारा, ही तक्रार ऐकू येईल. जानेवारीच्या थंडीत तर हे दुखणं आणखी जाचतं. गरम पाणी इतकं हळू येतं की पाठ भिजेपर्यंत खांदे गार पडतात. शेवटी महागडा शॉवर शोभेला राहतो आणि घरातले सगळे मुकाट्याने बादली-मगाकडे वळतात.

प्लंबरला बोलावलं की तो एका वाक्यात उपाय सांगतो, ‘पंप लगवा लो जी.’ सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. पंप खरंच लागतो का, लागत असेल तर कोणता आणि तो नेमका कुठे बसवायचा, हे तीन प्रश्न त्यात राहून जातात. यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. कारण पंप दाब वाढवतो, पाणी वाढवत नाही. पाणी तो कुठून तरी ओढूनच घेतो. ते तुमच्या टाकीतून ओढलं तर सोय होते. रस्त्याखालच्या सरकारी लाइनमधून ओढलं तर शेजारच्या घराचा नळ कोरडा पडतो आणि तुमच्या घरात नको ते पाणी शिरू शकतं. म्हणून आज पंपाची गोष्ट सुरुवातीपासून पाहू.

दाब येतो कुठून?

गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याला दाब मिळतो तो उंचीमुळे. टाकीतली पाण्याची पातळी आणि शॉवरचं तोंड यांच्यात जितकं उभं अंतर, तितका दाब. हिशेब सोपा आहे : १० मीटर उंचीला साधारण १ बार. टाकी ५०० लिटरची आहे की २,००० लिटरची, याने दाबात फरक पडत नाही.

दिल्लीतले डीडीएचे जुने चार मजली फ्लॅट किंवा हल्लीचे ‘बिल्डर फ्लोअर’ डोळ्यांपुढे आणा. टाकी गच्चीवर मीटरभर उंच चौथऱ्यावर आहे, प्रत्येक मजला ३ मीटरचा आहे आणि शॉवर फरशीपासून २ मीटरवर आहे असं धरू. मग सगळ्यांत वरच्या घरातल्या शॉवरला उंची मिळते जेमतेम २ मीटर, म्हणजे ०.२ बार. त्याच्या खालच्या मजल्याला ५ मीटर, त्याखाली ८ मीटर आणि तळमजल्याला ११ मीटर, म्हणजे १.१ बार. इमारत एक, टाक्या शेजारी शेजारी, तरी तळमजल्यावरचे आजी-आजोबा मजेत शॉवर घेतात आणि वरच्या मजल्यावरची मंडळी कुरकुरतात, त्याचं कारण हे. ढोबळमानाने साधा शॉवर अर्ध्या बारवर बरा चालतो. मोठ्या रेन शॉवरला १ बार किंवा त्याहून जास्त दाब लागतो. वरच्या मजल्यावर तो नुसत्या टाकीच्या भरवशावर चालणं कठीणच.

‘मग टाकीच उंच करू,’ असं पुष्कळांना वाटतं. पण टाकी १ मीटर उचलली तर दाब फक्त ०.१ बारने वाढतो. त्यासाठी १,००० लिटरची भरलेली टाकी, म्हणजे टनभर वजन, लोखंडी स्टँडवर चढवावं लागतं. जुन्या इमारतीच्या गच्चीवर हा उद्योग बांधकाम तज्ज्ञाला विचारल्याशिवाय करू नये.

सरकारी लाइनच्या दाबाने पाणी थेट वर चढेल, ही अपेक्षाही ठेवू नका. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओच्या १९९९ च्या पाणीपुरवठा नियमावलीत एक मजली घरासाठी ७ मीटर, दोन मजलीसाठी १२ आणि तीन मजलीसाठी १७ मीटर इतका दाब जोडणीच्या ठिकाणी धरलेला होता. म्हणजे कागदावरसुद्धा ही व्यवस्था तीन मजल्यांपर्यंतचीच. त्यातून आपल्याकडे पाणी ठरावीक वेळीच येतं. म्हणून जमिनीलगत एक टाकी, तिथून मोटारने गच्चीवरची टाकी आणि मग घरातले नळ, अशी साखळी उभी राहिली.

आता बादली आणि घड्याळ

कुठल्याही दुकानात जाण्याआधी घरात पंधरा मिनिटांची एक तपासणी करा. १५ लिटरची बादली घ्या. बादलीवर खूण नसेल तर लिटरच्या बाटलीने मोजून भरा आणि १५ लिटरवर रंगाने रेघ मारा. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. शॉवर पूर्ण उघडा आणि रेघेपर्यंत भरायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. १५० सेकंद लागले तर मिनिटाला ६ लिटर पाणी येतंय. १०० सेकंद म्हणजे ९ लिटर आणि ७५ सेकंद म्हणजे १२ लिटर. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम द्या, ती आनंदाने करतील आणि भागाकारही होईल.

आता हीच मोजणी चार प्रकारे करा.

पहिली, शॉवरचं तोंड काढून. तोंड काढल्यावर बादली भराभर भरली तर दोष दाबात नाही, शॉवरच्या बुजलेल्या भोकांत आहे.

दुसरी, गार पाणी आणि गरम पाणी वेगवेगळं. गार पाणी जोरात आणि गरम मंद असेल तर अडथळा गीझरच्या आसपास आहे.

तिसरी, त्याच घरातल्या दुसऱ्या बाथरूममध्ये. एका बाथरूमला चांगलं आणि दुसऱ्याला कमी येत असेल तर त्या बाथरूमकडे जाणारा पाइप, कॉक किंवा मिक्सर संशयित.

चौथी, स्वयंपाकघरातला नळ किंवा वॉशिंग मशीन चालू असताना. एक नळ उघडल्यावर दुसऱ्याचं पाणी एकदम मंदावलं तर मुख्य पाइप अरुंद आहे किंवा आतून बुजला आहे.

सगळीकडे, सगळ्या वेळी, गार आणि गरम दोन्ही पाणी सारखंच मंद असेल आणि तुम्ही टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर असाल, तर उंचीच कमी पडते आहे. पंपाचा खरा उपयोग इथे आहे. बाकीच्या ठिकाणी आधी साफसफाई.

पंपाआधीचे स्वस्त उपाय

दिल्लीच्या आसपास बोअरचं पाणी अनेक वसाहतींत नळाच्या पाण्यात मिसळलेलं असतं किंवा टँकरने येतं. हे पाणी जड असतं. बादलीच्या कडेला आणि नळाच्या तोंडाशी बसणारा पांढरा थर तुम्ही पाहिलाच असेल. तोच थर शॉवरच्या बारीक भोकांत साचतो. शॉवरचं तोंड काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये किंवा कोमट पाण्यात घोळलेल्या सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये अर्धा तास ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. तोंडाला रबराची बोंडं असतील तर बोटाने चोळली तरी क्षार निघतात. सोनेरी किंवा काळ्या रंगाचा मुलामा असेल तर अ‍ॅसिड वापरण्याआधी कंपनीची सूचना वाचा, नाहीतर रंग उडेल. टॉयलेट साफ करायचं तेजाब इथे मुळीच नको.

तोंड काढलंच आहे तर त्याच्या मानेत पाहा. पाणी वाचवण्यासाठी तिथे बारीक भोकाची चकती बसवलेली असू शकते. जोरदार दाबाच्या घरात ती उपयोगी, टाकीखालच्या घरात मात्र अडसर. तिच्यासोबतची बारीक जाळीही धुवून घ्या.

मग बेसिनखालचे आणि शॉवरच्या वाटेवरचे कॉक पूर्ण उघडे आहेत का ते बघा. रंगकामाच्या वेळी अर्धवट बंद केलेला कॉक वर्षानुवर्षं तसाच राहिल्याची उदाहरणं कमी नाहीत. गरम पाणीच मंद असेल तर प्लंबरकडून गीझरच्या प्रवेशाकडची जाळी आणि आतला क्षार साफ करून घ्या. मिक्सरच्या आतलं कार्ट्रिजही वाळूने अडतं.

गच्चीवरही एक फेरी मारा. टाकीच्या तळाशी गाळ साचून बाहेर पडणारं तोंड अर्धं बुजलेलं असू शकतं. टाकी सहा महिन्यांतून एकदा धुतली तर शॉवरही सुधारतो आणि पिण्याचं पाणीही. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की खाली उतरणाऱ्या पाइपात हवा अडकते. त्या पाइपाला टाकीच्या पातळीपेक्षा उंच जाणारा, वरून उघडा असा हवेचा पाइप आहे का, ते पाहा. नसेल तर तो जोडून घेणं पंपापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

शेवटी पाइप. जुन्या घरांतले लोखंडी जीआय पाइप आतून गंजून पेन्सिलएवढे अरुंद होतात. अशा पाइपाला पंप लावला तर पंप नुसता घरघरतो आणि जीर्ण सांधे गळू लागतात. टाकीपासून घरापर्यंतचा पाइप निदान १ इंची आणि बाथरूमपर्यंतचा पाऊण इंची असला तर वाटेत दाब कमी वाया जातो.

कोणता पंप?

एवढं सगळं करूनही शॉवर रडत असेल, तर पंप घ्यायला हरकत नाही. इथे एक नियम लक्षात ठेवा : पाण्याचा प्रवाह दुप्पट करायचा तर दाब चौपट लागतो. आपल्या उदाहरणातल्या वरच्या घराला ०.२ बार मिळत होता. त्यात ०.८ बारची भर घातली की १ बार झाला, म्हणजे दाब पाचपट आणि प्रवाह दुपटीहून थोडा जास्त. एका-दोन बाथरूमच्या घराला एवढं पुष्कळ आहे. म्हणून दुकानदार ‘मोठाच घेऊन टाका’ म्हणाला तरी घाई करू नका.

बाजारात मुख्यतः तीन प्रकार दिसतात.

लहान इनलाइन पंप. हा पाइपाच्या मधेच बसतो, साधारण १०० ते १२० वॉटचा असतो आणि जवळपास पाऊण ते १ बार दाब देतो. आवाज कमी, जागा कमी. नळ उघडला की प्रवाह ओळखून आपोआप सुरू होतो, बंद केला की थांबतो. एक-दोन शॉवरसाठी हा चांगला. अडचण एकच : आधीचा प्रवाह फारच बारीक असेल तर त्याला नळ उघडल्याचं कळतच नाही. म्हणून ‘ऑटो’बरोबर ‘मॅन्युअल’ची सोय असलेला घ्या.

प्रेशर टाकीसह पंप. अर्धा एचपी किंवा त्याहून मोठी मोटार, बाजूला साधारण २४ लिटरची गोल लोखंडी टाकी आणि दाबावर चालणारा स्विच. संपूर्ण घराला, तीन-चार बाथरूमना हा उपयोगी. मात्र घरात एखादा नळ किंवा कमोडची टाकी गळत असेल तर हा पंप दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने सुरू-बंद होत राहतो. गळती आधी काढा. टाकीतल्या हवेचा दाब वर्षातून एकदा तपासून घ्यावा लागतो.

वेग बदलणारा पंप. पाण्याच्या मागणीप्रमाणे हा आपला वेग कमी-जास्त करतो. एकाच वेळी दोन शॉवर चालू केले तरी धार फारशी बदलत नाही. शांत असतो, पण महाग. विजेचे झटके जिथे नेहमीचे आहेत तिथे याच्या इलेक्ट्रॉनिक्सला संरक्षण द्यावं लागतं.

विजेच्या बिलाची चिंता फारशी नको. १२० वॉटचा पंप रोज तासभर चालला तर महिन्याला साडेतीन-चार युनिट लागतात. मोठ्या मोटारीला पंधरा-वीस युनिट धरा. खरा खर्च वेगळीकडे होतो, त्याचा हिशेब पुढे येईल.

कुठे बसवायचा?

योग्य जागा म्हणजे गच्चीवरच्या टाकीनंतर आणि घरात पाणी वाटलं जाण्याआधी. म्हणजे गार पाणी आणि गीझरकडे जाणारं पाणी, दोन्हींना सारखाच दाब मिळतो. काही वेळा खर्च वाचवायला फक्त गार पाण्याच्या लाइनवर पंप लावला जातो. मग मिक्सरमध्ये जोरदार गार पाणी बिचाऱ्या गरम पाण्याला मागे रेटतं आणि शॉवरखाली उभा असलेला माणूस कुडकुडतो. गीझरनंतरच्या गरम लाइनवर साधा पंप लावू नका, बहुतेक पंप इतक्या गरम पाण्यासाठी बनवलेले नसतात.

गीझरवरची पाटीही वाचा. तिच्यावर किती दाब सोसू शकतो ते मेगापास्कल किंवा बारमध्ये लिहिलेलं असतं. ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार, तो गीझर घरगुती पंपाला आरामात पुरतो. जुना, कमी दाबाचा गीझर असेल तर पंप लावण्याआधी गीझरवाल्याला विचारा. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह नीट चालतो का, हे तर तपासायलाच हवं. तो व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याचं तोंड बुच मारून बंद करणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

पंपाला चार साथीदार हवेत. पंपाआधी गाळ अडवणारी जाळी, पुढेमागे दोन कॉक म्हणजे दुरुस्तीला पंप सहज काढता येईल, पाणी उलटं फिरू नये म्हणून नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आणि पंपाला वळसा घालणारी बायपास लाइन. बायपासमध्येही नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असला की वीज गेल्यावर टाकीतलं पाणी पूर्वीसारखं आपोआप येत राहतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात दुपारी वीज जाते तेव्हा या एका पाइपाची किंमत कळते.

टाकी रिकामी असताना पंप कोरडा चालला तर काही मिनिटांत त्याचं सील जळतं. म्हणून ‘ड्राय रन’ संरक्षण असलेला पंप घ्या किंवा टाकीत फ्लोट स्विच बसवा. पंपाखाली रबराची गादी आणि दोन्ही बाजूंना लवचीक जोड दिला की पहाटेच्या आंघोळीने शेजाऱ्यांची झोप मोडत नाही.

सरकारी लाइनला थेट पंप? कधीच नाही

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. उत्तरेत ज्याला ‘टुल्लू’ म्हणतात आणि महाराष्ट्रात ‘टिल्लू’, तो लहानसा पंप थेट सरकारी लाइनला जोडायचा आणि पाणी आलं की खेचून घ्यायचं, हा प्रकार दिल्लीच्या गल्ल्यांतही चालतो आणि आपल्याकडच्या गावांतही. उन्हाळा आला की नगरपालिकांची पथकं अशा मोटारी जप्त करत फिरतात. दिल्ली जल बोर्डाच्या लाइनवरही असे पंप लावायला बंदी आहे.

हा नियम नुसता कागदी नाही. एका पाइपावर वीस घरं असतात. पहिल्याने पंप लावला की दुसऱ्याचं पाणी कमी होतं, म्हणून दुसराही लावतो. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्याकडे, ज्याला मोटार परवडत नाही त्याच्याकडे, शेवटी फक्त हवा येते. तो टँकरच्या रांगेत उभा राहतो. वीस पंप लागले तरी लाइनमध्ये पाणी होतं तेवढंच राहतं.

दुसरं कारण अधिक भीतीदायक आहे. पाणी ठरावीक वेळीच सोडलं जातं, त्यामुळे एरवी पाइप रिकामा असतो. पंप जोराने ओढू लागला की पाइपात उलटा दाब तयार होतो. पाइपाला कुठे चीर असेल आणि शेजारून गटार जात असेल, तर ते घाण पाणी त्या चिरेतून आत ओढलं जातं. ते तुमच्या टाकीत येतं आणि पुढच्या घरांतही जातं. दूषित पाणी काय करू शकतं हे दिल्लीने फार मोठ्या प्रमाणावर पाहिलं आहे. १९५५ च्या डिसेंबरपासून १९५६ च्या जानेवारीपर्यंत शहरात काविळीची प्रचंड साथ आली आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. यमुनेचं पात्र सरकून नजफगढ नाल्याचं सांडपाणी वझीराबादला पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत पोहोचलं होतं. ती चूक नदीकाठची होती, गल्लीतल्या पंपाची नव्हे. पण सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळलं की काय होतं, याची ती आठवण आहे. गल्लीतला एक पंप तेच लहान प्रमाणात करू शकतो, आणि त्याचा त्रास आधी लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना होतो.

म्हणून सरकारी पाणी आधी आपल्या दाबाने जमिनीलगतच्या टाकीत पडू द्या. तिथून मोटारने वर चढवा आणि वरच्या टाकीनंतर बूस्टर लावा. खालच्या टाकीतच पाणी येत नसेल तर तो पंपाचा नाही, पुरवठ्याचा प्रश्न आहे. दिल्लीत त्यासाठी जल बोर्डाचा १९१६ हा क्रमांक आहे. पाण्याला वास येत असेल किंवा रंग वेगळा दिसत असेल तरीही तिथेच कळवा आणि तोवर पिण्याचं पाणी उकळून घ्या. गल्लीतल्या पाच-दहा घरांनी मिळून तक्रार केली तर तिला वजन येतं.

याला पर्याय असू शकतो, हे महाराष्ट्रातल्या एका लहान गावाने दाखवलं. कराडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबवली. लाइनमध्ये सतत दाब असला की पाणी खेचायची गरज उरत नाही आणि बाहेरची घाण आत शिरायला वाटही मिळत नाही.

टॉवरमध्ये राहता? आधी विचारा

उंच इमारतींत गोष्ट थोडी वेगळी असते. एकाच उभ्या पाइपातून वरपासून खालपर्यंत अनेक घरांना पाणी जातं. खालच्या मजल्यांवर दाब फार होतो म्हणून तो कमी करणारे व्हॉल्व्ह बसवलेले असतात, तर सगळ्यांत वरच्या दोन-तीन मजल्यांसाठी गच्चीवर वेगळा बूस्टर असू शकतो. अचानक दाब कमी झाला असेल तर आधी देखभाल कार्यालयात विचारा. कधी बूस्टर बंद पडलेला असतो, कधी व्हॉल्व्ह अडकलेला असतो. तुमचा खर्च वाचेल.

अशा सामाईक पाइपावर एका घराने परस्पर पंप लावला तर शेजारच्या घराचं पाणी ओढलं जातं आणि पाइपात हवा शिरते. हा पाइप सगळ्यांच्या मालकीचा आहे, त्याला हात लावण्याआधी सोसायटीची किंवा अपार्टमेंट ओनर्स असोसिएशनची लेखी परवानगी घ्या. वरच्या मजल्यांवरच्या आठ-दहा घरांची तक्रार सारखीच असेल तर सभेत विषय मांडा. सर्वांसाठी मिळून एक चांगला बूस्टर बसवणं दहा घरांच्या दहा पंपांपेक्षा स्वस्त पडतं आणि वादही होत नाहीत. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाशी आधीच बोला. पंप जाताना काढून नेता येतो, पण फोडलेली भिंत नेता येत नाही.

वीज आणि ओले हात

पंप म्हणजे पाणी आणि वीज एकाच जागी. इथे काटकसर नको. पंपासाठी वेगळी वायर, पक्कं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवीच. गळणारी वीज ओळखून ती क्षणात प्रवाह तोडते. आरसीसीबीवरचं ‘टेस्ट’चं बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, झटकन खाली पडली पाहिजे. पंप बाथरूममध्ये ठेवू नका, ओल्या हाताला पोहोचेल असा स्विचही नको. गच्चीवर असेल तर ऊन आणि पावसापासून आडोसा द्या, पण हवा खेळती ठेवा. पंपाला किंवा नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर लगेच मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे काम प्लंबरवर सोडू नका.

पाणी किती जाईल?

आता राहिलेला हिशेब. शॉवर जोरात आला की माणूस त्याखाली जास्त वेळ उभा राहतो. मिनिटाला ६ लिटरचा शॉवर ८ मिनिटं घेतला तर ४८ लिटर पाणी लागतं. पंपानंतर तोच १२ लिटरचा झाला तर ९६ लिटर. चार माणसांच्या घरात रोज ३८४ लिटर, महिन्याला जवळजवळ साडेअकरा हजार लिटर, आणि हे फक्त आंघोळीचं. बादलीने आंघोळ केली तर २० लिटरमध्ये भागतं.

दिल्लीत २०१५ मध्ये सुरू झालेल्या योजनेनुसार महिन्याला २० हजार लिटरपर्यंत पाणी वापरणाऱ्या मीटरधारक घरांचं बिल शून्य होतं आणि वापर त्यावर गेला की पूर्ण वापराचं बिल येतं. म्हणजे हौसेचा शॉवर तुम्हाला ती रेघ ओलांडायला लावू शकतो. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस पाणी इतकं कमी पडलं की टाकी ओसंडून वाहू देणं आणि पाइप लावून गाडी धुणं यांवर दिल्ली सरकारने २,००० रुपयांचा दंड जाहीर केला होता. टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांना तर प्रत्येक जादा लिटरचा चटका बसतोच.

म्हणून पंप बसवल्यावर पुन्हा बादली लावा. मिनिटाला ८ ते ९ लिटर पाणी आणि चांगला फवारा मिळाला की आंघोळ सुखाची होते, त्यापुढे फक्त पाणी जातं. जास्त येत असेल तर पंपानंतरचा कॉक थोडा आवळा किंवा पंपाचा वेग कमी करा. साबण लावताना शॉवर बंद ठेवायची सवय मुलांना आतापासून लावली तर अर्धं पाणी तिथेच वाचतं.

प्लंबरला विचारायचे पाच प्रश्न

पंप बसवायला माणूस आला की चहा देता देता एवढं विचारून घ्या. पंप टाकीनंतर बसतोय ना? गार आणि गरम, दोन्ही लाइनना दाब मिळेल ना? बायपास आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह आहेत ना? टाकी रिकामी झाली तर पंप आपोआप थांबेल ना? आणि वायरिंग आरसीसीबीवर आहे ना? पाचही उत्तरं ‘हो’ आली तरच भिंतीला छिन्नी लावू द्या. काम झाल्यावर सगळे नळ एकदम बंद करून दहा मिनिटं पंपाजवळ थांबा. पंप शांत राहिला तर घरात गळती नाही. तो मधूनच सुरू होत असेल तर प्लंबरला निरोप देण्याआधी गळती शोधायला सांगा, पैसे त्यानंतर.